आत्म्याविना पुनर्जन्म : डॉ. आंबेडकरांच्या विवेचनाची चिकित्सा

पैनगंगेच्या दोन्ही काठांवर मराठी भाषिक बौद्ध समाज आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर सोळा दिवसांनी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. राजुरा व किनवट मुंबई राज्यात गेले, उर्वरित आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आला. परिणामी येथील बौद्ध विद्यार्थी घरी मराठीत ऐकलेला धम्म महाविद्यालयात बहुधा तेलुगू किंवा इंग्रजीतून अभ्यासतो. आत्मा नसेल तर पुनर्जन्म कोणाचा, ही त्याची शंका अध्यापकास टाळता येत नाही.

शंकेचे अर्धे मूळ शब्दातच आहे. पाली ग्रंथांत 'पुनब्भव' म्हणजे पुन्हा होणे, असा शब्द येतो. मराठीत त्याचा 'पुनर्जन्म' झाला की जुने वस्त्र टाकून नवे नेसणारा कोणीतरी आपोआप डोळ्यांपुढे उभा राहतो. मराठीतील 'मागल्या जन्मीचे भोग' आणि तेलुगूतील 'पूर्वजन्म सुकृतम्' यांची जातकुळी एकच. (तेलुगू बोलीत 'खर्म' म्हणजे सरळ दुर्दैवच!) तेच विज्ञान एका देहातून दुसऱ्या देहात जाते असे मानणाऱ्या साती नावाच्या भिक्खूला बुद्धांनी खडसावल्याचे मज्झिमनिकायात नमूद आहे.

'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच डॉ. आंबेडकरांनी ही विसंगती मान्य करून तिचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांच्या मते पृथ्वी, आप, तेज व वायू ही महाभूते मृत्यूनंतर विश्वातील समान द्रव्यात मिसळतात व पुन्हा एकत्र येतात, हाच पुनर्जन्म. तीच व्यक्ती पुन्हा जन्मते, असे यातून निष्पन्न होत नाही. बुद्ध आत्म्यापुरते उच्छेदवादी होते, द्रव्याच्या बाबतीत नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

येथे एक अडचण संभवते. देहातील महाभूते आपापल्या महाभूतांत परततात, हे मत दीघनिकायात अजित केसकंबल याच्या तोंडी येते. आणि तो सत्कर्म-दुष्कर्माचे फळच नाकारतो. डॉ. आंबेडकर त्याच्या फार जवळ जातात. भेद उरतो तो नीतीचा : कर्म हे त्यांच्या मांडणीत विश्वाची नैतिक व्यवस्था टिकविणारे तत्त्व आहे. मात्र ते या जन्मापुरते व समाजाच्या पातळीवर. गतजन्मीच्या कर्मावर आजचे दारिद्र्य ढकलले की राज्य व समाज जबाबदारीतून मोकळे होतात, हा त्यांचा आक्षेप निर्णायक ठरतो. जातीचे समर्थन ज्या तर्काने झाले तो तर्क नव्या धम्मात शिरू द्यायचा नाही, हे त्यामागचे कारण स्पष्ट आहे.

तथापि महाभूतांची पुनर्जुळणी आणि नैतिक व्यवस्था यांचा परस्परसंबंध ग्रंथात सिद्ध झालेला नाही. द्रव्य अविनाशी आहे एवढ्यावरून माणसाने चोरी का करू नये, हे कळत नाही. जग शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनंत, या मालुंक्यपुत्ताच्या प्रश्नांना बुद्धांनी उत्तर दिले नव्हते. विषारी बाण लागलेल्या माणसाने बाण मारणाऱ्याची जात-गोत विचारीत बसू नये, असा दृष्टान्त दिला होता. डॉ. आंबेडकरांचे भौतिकशास्त्रीय विवेचन या मौनाच्या पलीकडे जाते आणि तेथेच दुबळे होते. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथातील दिव्यावरून दिवा लावण्याची उपमा (नवी ज्योत तीच नव्हे, पण निराळीही नव्हे) वर्गात त्याहून अधिक उपयोगी पडते.

याउलट बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध व पिंडदान नाकारले आहे, आणि अखेरीस दीक्षार्थी आपला नवा जन्म झाल्याचे मानतो. या नव्या जन्मासाठी महाभूतांची जुळवाजुळव लागत नाही, आणि मृत्यूही लागत नाही. आदिलाबादच्या विद्यार्थ्याच्या आजोबांच्या पिढीला पुनर्जन्माचा हा अर्थ ग्रंथ हाती येण्याआधीच ठाऊक होता. कारण ग्रंथ प्रसिद्ध झाला तो दीक्षेनंतर वर्षभराने.