हिरण्यकशिपूचा शोक पडद्यावर का येत नाही?

प्रल्हादाची गोष्ट आपण भक्तिकथा म्हणून ऐकतो. पण भागवताच्या सातव्या स्कंधात या गोष्टीच्या आरंभी भेटतो तो भाऊ गमावलेला माणूस. वराहाने हिरण्याक्षाला मारले आहे. विष्णूच्या रक्ताने भावाचे तर्पण करीन, अशी हिरण्यकशिपू प्रतिज्ञा करतो. लगेच पुढे तोच आई दितीचे आणि विधवा भावजयीचे सांत्वन करतो: आत्मा मरत नाही, शोक करू नका. त्यासाठी सुयज्ञ राजाच्या प्रेतापाशी बालरूपाने आलेल्या यमाची कथा सांगतो. इतरांना जे समजावले ते त्याला स्वतःला पेलत नाही, आणि सुडाचे शस्त्र शेवटी पोटच्या पोरावर उगारले जाते. सूडशोकांतिकेला आणखी काय हवे?

तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशम तालुक्यात मेलट्टूर हे गाव आहे. तिथे नृसिंहजयंतीच्या सुमारास वरदराज पेरुमाळ मंदिरासमोर ‘प्रह्लाद चरित्रमु’ रात्रभर चालते. मराठा राजवटीच्या काळातले कवी वेंकटराम शास्त्री यांची ही तेलुगू रचना आहे. सगळे नट पुरुष. प्रल्हादाची आई लीलावतीही पुरुषच साकारतो. नरसिंहाच्या मुखवट्याची पूजा होते आणि तो धारण करणारा उपवास करतो. त्याच्या अंगात देव येतो अशी श्रद्धा असल्याने भोवतालचे लोक त्याला धरून ठेवतात. पोट फाडलेले दाखवावे लागत नाही. आवरून धरलेल्या त्या देहातच सगळी हिंसा असते. शिवाय त्याआधी बापलेकांचे आणि लीलावतीचे गाणे-बोलणे रात्रीचा कितीतरी वेळ घेते, त्यामुळे मरणारा कोण हे आपल्याला पक्के ठाऊक झालेले असते.

पडद्याने सुरुवातीपासून उलट वाट धरली. दक्षिणेतला पहिला मूकपट, नटराज मुदलियारांचा ‘कीचकवधम्’, याच जातीच्या कथेवर होता. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर 1910 मध्ये सरकारने बंदी घातली ती कीचकात लोकांना कर्झन दिसला म्हणून, तिथे सुडाला राजकीय अर्थ होता. बाबूराव पेंटरांनी 1920 मध्ये कोल्हापुरात ‘सैरंध्री’ केला तेव्हा भीमाने कीचकाला मारण्याचा प्रसंग इतका हुबेहूब वठला की सेन्सॉरचा रोष ओढवला. पेंटरांची कारागिरी थोर होती यात शंका नाही. तरी त्या यशाने आपल्या पौराणिक चित्रपटाला एक सवय लावली असे मला वाटते: वध जितका खरा, तितका चित्रपट मोठा. 1933 मध्ये प्रभातने हाच विषय रंगात करून पाहिला, छपाईसाठी जर्मनी गाठली. रंग मनासारखे उतरले नाहीत.

‘भक्त प्रह्लाद’ (1967) वेगळा ठरतो तो एस. व्ही. रंगाराव यांच्यामुळे. त्यांचा हिरण्यकशिपू मुलावर प्रेम करतो, त्याला शिक्षा फर्मावताना आतून तुटतो. हत्ती, साप, कडेलोट यांतली यंत्रकरामत आज जुनी दिसते, तो बाप मात्र अजूनही भिडतो. 2025 मधल्या ‘महावतार नरसिंह’ या ॲनिमेशनपटात वराहकथा सुरुवातीला आहे, म्हणजे सुडाचे कारण डोळ्यांसमोर घडते. प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला आणि अखेरचे युद्ध थक्क करते हेही खरे. पण भाऊ मेल्यावर त्याच्या घरात काय झाले, यापाशी चित्रपट थांबत नाही. युद्धाला मिळालेल्या वेळेचा थोडा वाटा दितीला मिळाला असता, तर खांब फुटतो तेव्हा आनंदाबरोबर भीतीही वाटली असती.

रक्त दाखवू नये, असे माझे म्हणणे नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने अंकात मरण दाखवणे वर्ज्य ठरवले, तरी ‘ऊरुभंग’ नाटकात दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो, आणि मरण्याआधी मांडीवर बसू पाहणाऱ्या त्याच्या लहानग्या मुलाला, दुर्जयाला, तिथे बसता येत नाही. मोडलेली मांडी तिथे दिसायलाच हवी, कारण तिच्यावर मुलाचा हक्क आहे. हिरण्यकशिपूवरचा पुढचा चित्रपट जो कोणी करील, त्याने सातव्या स्कंधाचा दुसरा अध्याय आधी चित्रित करावा. त्यात देव-दानवांची झुंज नाही. आई आहे, भावजय आहे, आणि स्वतःच्याच उपदेशावर विश्वास न उरलेला एक मुलगा आहे.