अस्वस्थतेची इंग्रजी नावे : मूळ आणि साचा

भय व अस्वस्थता यांसाठी जुन्या इंग्रजी बोलभाषेत रूढ असलेल्या गमतीदार नावांचा विचार बहुधा केवळ व्युत्पत्तीच्या अंगाने केला जातो. ‘द विलीज’ हे याचे ठळक उदाहरण होय. ‘जिझेल’ (१८४१) या नृत्यनाट्यातील विली नामक प्रेतकन्यांशी त्याचा संबंध जोडण्यात येतो. परंतु हा शब्द नोंदला गेला तो १८९० नंतरच्या दशकात, अमेरिकेत. आणि मधला दुवा सापडत नाही. नादसाम्य हा काही पुरावा नव्हे.

अशा शोधात या शब्दांची घडण मात्र दुर्लक्षित राहते. निश्चित उपपद आणि अनेकवचनी प्रत्यय ही जी त्यांची खूण, तीच ‘द मीझल्स’ (गोवर), ‘द मम्प्स’ (गालगुंड) यांचीही आहे. हा रोगनामांचा साचा होय. अर्थेतिहासही त्यास अनुकूल आहे. ‘कॉलीवॉबल्स’ (१८२३) म्हणजे प्रथम पोटदुखी. डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधील (१८४९-५०) मिसेस गमिज ‘क्रीप्स’ म्हणते ते थंडीने पाठीत होणाऱ्या विकाराला. ‘जिमजॅम्स’ हा मद्यपींचा कंप. मानसिक अस्वस्थतेचा अर्थ मागाहून आला.

याची खरी कसोटी ‘हीबी-जीबीज’ हा शब्द होय. अमेरिकन व्यंगचित्रकार बिली डीबेक याने १९२३ मध्ये तो प्रचारात आणला. त्यामागे ना व्याधी, ना धातू. तरीही १९२६ मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रिकेचे ते शीर्षक झाले. मूळ नसताना शब्द रुजला, कारण साचा आधीच तयार होता.

या साच्याचे कार्य काय? रोगाचे नाव लाभताच भय हा स्वभावदोष न राहता बाहेरून जडलेली व्याधी ठरते. आणि नाव हास्यास्पद असल्याने व्याधीही क्षुल्लक भासते. ‘मी भ्यालो’ असे ज्याला म्हणवत नाही, त्याला आपले भय असे हसत सांगता येते.

मराठीत ‘कापरे भरणे’ हा प्रयोग ज्वर व भय या दोहोंस लागू पडतो, पण त्यात हसू नाही. ‘धाकधूक’ या शब्दातही नादाची पुनरुक्ती आहे. मात्र ती हृदयाची धडधड ऐकवते, तिची थट्टा करीत नाही. म्हणून ‘हीबी-जीबीज’पुढे नुसते ‘धाकधूक’ लिहिणाऱ्या द्विभाषिक कोशात अर्थ उतरतो, वृत्ती उतरत नाही. अशा नोंदीत शब्दाचा विनोदी सूर स्वतंत्रपणे सांगितला नाही, तर पात्राने हसून लपविलेले भय अनुवादक उघडे पाडील, आणि ते पात्रच पालटून जाईल.