पाण्याखालचे मौन
(अंदमानच्या काही प्रवासलेखांच्या निमित्ताने)

गेल्या दिवाळीपूर्वी एका अंकाच्या संपादकांनी प्रवासलेखांचा एक गठ्ठा निवडीसाठी आमच्याकडे पाठविला. लेखक बहुतेक आमच्याच बीड जिल्ह्यातले. अंबाजोगाई, परळी, माजलगाव, केज येथील शिक्षक, वकील, डॉक्टर आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया. त्यांतील नऊ लेख अंदमानवर होते. ज्या जिल्ह्याने कित्येक उन्हाळे टँकरची वाट पाहण्यात घालविले, त्यास समुद्राची एवढी ओढ असावी याचे आम्हांस प्रथम कौतुक वाटले. नऊही लेख वाचून झाल्यावर मात्र मनात एक प्रश्न उभा राहिला, आणि तो वाचकांपुढे ठेवावा एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

नवांपैकी आठ लेखांचा साचा एकच आहे. पूर्वार्ध पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या श्रीविजयपुरमच्या, सेल्युलर जेलचा. आणि उत्तरार्ध एका दिवसाच्या बोटसफरीचा. बोट प्रवाशांस एखाद्या लहान बेटापाशी नेते. तेथे डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवून, दातांत नळी धरून आणि तरंगते जाकीट बांधून माणसे पाण्यावर पालथी पडतात व खालची प्रवाळसृष्टी पाहतात. यास स्नॉर्केलिंग म्हणतात, आणि हल्ली ज्यास त्यास ते करावेसे वाटते.

आठही लेखांचा पूर्वार्ध चांगला उतरला आहे. कोठडीच्या गजांपाशी उभे राहिल्यावर लेखकांचा कंठ दाटून येतो, आणि त्यात ढोंग आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु ते गज त्यांनी तेथे जाण्यापूर्वीच पाहिलेले होते. सावरकरांस १९११ साली अंदमानात नेले आणि १९२१ साली तेथून हलविले. 'माझी जन्मठेप' हे त्यांचे पुस्तक १९२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. सुशिक्षित मराठी कुटुंब त्या तुरुंगात शिरते ते हे पुस्तक मनात घेऊनच. कोलू कोठे पाहावा, कोणत्या मजल्यावर थांबावे, कोठे मान खाली घालावी, हे सारे त्या पुस्तकाने आधीच ठरवून दिलेले असते.

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरताना मात्र हातात पुस्तक नसते, आणि तेथेच या लेखकांची वाचा बसते. "रंगांची उधळण", "परीकथेतील सृष्टी", "साक्षात स्वर्ग" एवढ्या तीन शब्दसमूहांवर आठ लेखांचा गुजारा झाला आहे. एका लेखात 'अवर्णनीय' हा शब्द एकाच पानावर पाच वेळा आला आहे. उरलेली जागा बोटीचे भाडे, भरून घेतलेला कागद, कोणास ओकारी आली व कोणी पाय टाकण्यास नकार दिला, या मजकुराने भरलेली आहे. पाणी किती खोल होते, मासा केवढा होता, पहिला श्वास घेताना काय झाले, याविषयी अवाक्षर नाही.

यावर कोणी म्हणेल की, दोष लेखकांचा नाही, परंपरेचा आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या संतांचा सागर हा भवसागर. तो तरून जावयाचा, त्यात डोकावण्याचे प्रयोजन नाही. स्वतः सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेल्या प्रसिद्ध कवितेत सागराशी बोलणे आहे, त्याच्याशी भांडण आहे. त्याच्या पोटात काय आहे हे पाहण्याची त्या कवितेस गरजच नव्हती. पोवळे म्हणून जे आम्हांस ठाऊक, तेही सोनाराच्या आणि ज्योतिषाच्या दुकानातले: नवरत्नांपैकी एक, मंगळाचे, तांबडे. ते मुख्यत्वे भूमध्य समुद्रातून आलेले. अंदमानच्या बेटांभोवती खडक रचणारी प्रवाळे निराळ्या जातीची. म्हणजे शब्द हाती असूनही तो वाट चुकविणारा.

परंतु परंपरेचे दारिद्र्य ही पुरेशी सबब नव्हे. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेस गेले आणि बंडात सापडले. त्यांच्यापुढे प्रवासवर्णनाचा कोणता नमुना होता? तरी त्यांनी झाशीचा वेढा, लूट, उपासमार आणि स्वतःस वाटलेले भय जसे दिसले तसे लिहिले. आणि १९०७ साली प्रसिद्ध झालेला 'माझा प्रवास' आजही गोडीने वाचला जातो.

आता नवव्या लेखाकडे वळू. लेखिका केज तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका होत्या. प्रवास २०१६ च्या मे महिन्यातला, ठिकाण तेव्हाच्या हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराजद्वीप, बेटावरील एलिफंट बीच. लेख सहा पानांचा आहे आणि त्यात 'अवर्णनीय' हा शब्द नाही. या बाई लहानपणी शेतातल्या विहिरीत, पाठीस वाळका भोपळा बांधून पोहायला शिकल्या. म्हणून समुद्राचे पाणी त्या विहिरीच्या पाण्याशी ताडून पाहतात. विहिरीत बुडी मारली की वरचे ऊन पाणी सरून गार थर लागतो आणि श्वास कोंडून धरावा लागतो. येथे श्वास कोंडायचा नाही, आणि अडचण नेमकी तीच! तोंड पाण्यात गेले की श्वास आपोआप अडतो. नळी दातांत असूनही बाईंनी तो धरून ठेवला, तेव्हा वाटाड्याने पाठीवर थाप मारली. मग स्वतःचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा कानांत वाजू लागला. खोली त्यांनी "दीड परस" अशी दिली आहे. एक मोरपंखी मासा खडकाला तोंड लावीत होता, "आणि दुधाच्या पातेल्याची खरवड काढावी तसा आवाज पाण्यातून येत होता," असे त्या लिहितात. माशाचे नाव त्यांना ठाऊक नाही. परंतु या एका वाक्यावरून जाणत्यास तो ओळखता येईल. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरचे शेवाळ खरवडतो आणि तो आवाज पोहणाऱ्यास खरोखरच ऐकू येतो.

पुढे एक वाक्य आहे, ज्यासाठी हा लेख आम्ही दोनदा वाचला. "एका बाजूस फांद्या शाबूत, पण चुना दिल्यासारख्या पांढऱ्या, तिकडे मासे थोडे." बाईंस ती प्रवाळाची निराळी जात वाटली. वस्तुतः प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. त्याचा रंग आणि बरेचसे अन्न या शैवालाकडून येते. समुद्र काही आठवडे प्रमाणाबाहेर तापला की प्रवाळ त्यास बाहेर टाकते, आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. पाणी वेळीच निवले तर ते सावरते, नाही तर उपासाने मरते. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली असे घडले.

याच लेखाच्या आरंभी, घर सोडताना धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडलेले पाहिले, असा उल्लेख आहे. त्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी पोहोचविले जात होते. २०१५ च्या पावसाची तूट आणि २०१६ साली जगभरच्या समुद्रांत वाढलेली उष्णता, या दोहोंमागे प्रशांत महासागरातील एल निनोचा मोठा हात होता. बाईंनी कोरडे धरण नोंदले आणि पांढरे प्रवाळही नोंदले. या दोहोंतील नाते त्यांस ठाऊक नव्हते. ते शोधावयास हवे होते, हा त्यांच्या लेखाचा दोष आम्ही झाकणार नाही. विहिरीची एक पायरी उघडी पडली तर आमचा शेतकरी कारण विचारतो. तसे त्यांनी नावाड्यास विचारावयाचे होते. शेवटचा परिच्छेदही उपदेशाने जड झाला आहे. परंतु जे दिसले ते नेमके लिहिल्यामुळे, लेखिकेस न कळलेली गोष्टही तिच्या लेखातून वाचकास कळू शकते. हे सामर्थ्य अलंकारांत नाही.

हा लेख आम्ही अंकासाठी निवडला. उरलेले आठ परत पाठविताना प्रत्येकासोबत एकच प्रश्न लिहून दिला: पाणी किती खोल होते आणि तळाशी काय होते? आजवर दोघांची उत्तरे आली. एकाने काही आठवत नाही असे प्रांजळपणे कळविले. दुसरे गृहस्थ त्याच मे महिन्यात त्याच किनाऱ्यावर गेले होते, आणि "रंगांची उधळण" त्यांच्याच लेखातली. ते लिहितात, "खोली आठवत नाही. पांढरे पुष्कळ होते, ते आम्हीही पाहिले. पण लेखात शोभणार नाही असे वाटले, म्हणून लिहिले नाही."