किल्ल्यावरची जीप

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, तेव्हा इतिहास आणि खेळ यांच्यात भिंत नसते. दगडविटांच्या ढिगावर ओलं गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, उतारावर पेरलेलं अळीव, माथ्यावर सिंहासनावर महाराज. आणि पायथ्याशी मावळ्यांच्या शेजारी प्लॅस्टिकची एक जीपही बिनदिक्कत उभी. मराठी बालसाहित्यात मात्र या घराची वाटणी झाली. इतिहास चरित्रमालांकडे गेला, सुट्टीची धमाल साहसकथांकडे, आणि वाटणीत तोटा झाला तो इतिहासाचाच.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवा. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो, जिभेनं ‘ट्टॉक’ करतो, नको तिथे नाक खुपसतो आणि अडकतोही. त्याचं धाडस पटतं, कारण त्याच्या आधी कुतूहल असतं, आणि पुढे काय होणार हे त्यालाही ठाऊक नसतं. इतिहासातला मुलगा मात्र पहिल्या पानापासूनच पुतळा. नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात गेला, तेव्हा तो १५ वर्षांचा होता; लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हे सोबतीही गेले. छोट्या चरित्रांत तिरंगा येतो, गोळी येते, गोष्ट संपते. गुजराती घरातलं पोर, खानदेशातलं गाव, ओठांवर गुजराती घोषणा, हे सगळं हाताशी असताना ही मुलं एकमेकांना जमवून रस्त्यावर कशी आली असतील, या प्रश्नापाशी लेखक क्वचितच थांबतो.

यावर आक्षेप ठरलेला: इतिहासाची साहसकथा केली, तर मुलांना खरं-खोटं कळायचं कसं? काळजी रास्त आहे, पण रंग भरण्यात गंभीर पुस्तकंही मागे नाहीत. तानाजीची घोरपड पोवाड्यात आहे, सभासदाच्या बखरीत नाही. तिथे मावळे वानरांसारखे कडा चढून जातात. तरी कमरेला दोर बांधलेली ती घोरपड चित्रासकट छापली जाते, वर घडलेली गोष्ट म्हणून. त्याऐवजी पोवाडा काय म्हणतो, बखर काय म्हणते, घोरपडीला माणसाचं वजन पेलेल का, हे सगळं मुलांपुढे ठेवलं, तर १६७० सालचा सिंहगड हीच एक झकास शोधकथा होईल. मुलांना आदर्श हवेत, असंही म्हणतात. हवेतच, पण ज्याला भीती कधी शिवलीच नाही, त्याच्यासारखं व्हायचं तरी कसं? आणि मुलांच्या गोंधळाची एवढी धास्ती कशाला? शिवाजी महाराजांच्या काळात जीप नव्हती, हे किल्ला करणाऱ्या पोरांना पक्कं ठाऊक असतं. वाद होतो तो ती कुठे लावायची यावरून.