‘वाळविणे’ या क्रियापदाची मर्यादा : सीरियम क्लोराइडाच्या निमित्ताने

शास्त्रीय मराठीची चर्चा बहुधा नामांपुरतीच होते. ‘विरल मृत्तिका’ ही संज्ञा तिचे आवडते उदाहरण. कारण या गटातील सीरियम भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आढळते, आणि ‘मृत्तिका’ म्हणजे येथे माती नसून ऑक्साइड होय. परंतु हा दोष निरुपद्रवी आहे. त्यामुळे कोणाचा प्रयोग फसत नाही की कोणास इजा होत नाही. अनर्थ घडतो तो क्रियापदांमुळे.

सीरियम क्लोराइड या एका नावाखाली दोन पदार्थ वावरतात. एकाच्या सूत्रात पाण्याचे सात रेणू असतात. दुसरे निर्जल असते. सजल लवणाच्या वजनाचा सुमारे ३४ टक्के भाग पाण्याचाच असल्याने विशेषण गाळल्यास मोजमापच फसते. ल्यूश यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या क्षपणक्रियेत सजल लवण चालते. ऑर्गॅनोसीरियम संयुगे करावयाची तर निर्जलच हवे. मग सूचना येते : ‘लवण वाळवून घ्यावे.’

मराठीत वाळविणे म्हणजे पाणी जाणे आणि वस्तू राहणे. पापड वाळतो, धान्य वाळते. या लवणाचे तसे नाही. उघड्या हवेत तापविल्यास त्यातील पाणी लवणाशीच क्रिया करते. ऑक्सिक्लोराइड मागे उरते आणि हायड्रोजन क्लोराइडाचा दाहक वायू बाहेर पडतो. तो डोळ्यांना व श्वासमार्गाला अपायकारक असतो. म्हणून निर्वातात तापमान सावकाश वाढवीत, अथवा अमोनियम क्लोराइडाच्या सान्निध्यात, पाणी काढावे लागते.

‘निर्जल’ हे विशेषणही स्थायी गुण सांगत नाही, अवस्था सांगते. झाकण उघडे राहिले की हवेतील बाष्प शोषून ती अवस्था संपते. बाटलीवरील चिठ्ठी मात्र तीच राहते.

‘काळजीपूर्वक हाताळावे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष, पण अर्थदृष्ट्या रिकामे आहे. कशापासून जपावे, कशाने जपावे? चष्मा, हातमोजे, कोरड्या वायूत बंद केलेली कुपी, यांपैकी काहीच त्यात येत नाही. ल्यूश यांच्या क्रियेत सोडियम बोरोहायड्राइड मिथेनॉलात पडताच ज्वलनशील हायड्रोजन निघतो. तो धोका सीरियमचा नव्हे. तो कृतीच्या वाक्यानेच सांगितला पाहिजे.

परिभाषाकोश नामे पुरवितो, वाक्ये पुरवीत नाही. ‘वाळवावे’ याऐवजी ‘निर्वातात सावकाश तापवून पाणी काढावे, उघड्यावर तापवू नये’ असे लिहिल्यास मजकूर एका ओळीने वाढेल. विद्यार्थ्याच्या सुरक्षिततेसाठी ती ओळ लिहिणे हे भाषेचेच काम आहे.