यकृतवाटपाचे नियम आणि रुग्णाचे भवितव्य : एक चिकित्सा

प्रस्तावना : मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 मध्ये संमत झाला आणि 4 फेब्रुवारी 1995 पासून महाराष्ट्रात लागू झाला. मेंदूमृत्यूला कायदेशीर मान्यता मिळाल्यामुळे मरणोत्तर यकृतदानाचा मार्ग मोकळा झाला. तथापि दान झालेले यकृत कोणास द्यावे, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच सामाजिक न्यायाचाही आहे. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

निकषांचे स्वरूप : जो आधी आला त्यास आधी, हा निकष वरकरणी निःपक्षपाती वाटतो. परंतु मूत्रपिंडाच्या रुग्णास डायलिसिसचा जसा दीर्घकाळ आधार मिळतो, तसा यकृताच्या रुग्णास मिळत नाही. म्हणूनच अमेरिकेने 2002 मध्ये ‘मेल्ड’ गुणांक स्वीकारला. बिलिरुबिन, क्रिएटिनिन व रक्त गोठण्याची क्षमता यांवरून तीन महिन्यांतील मृत्यूचा धोका तो दर्शवितो. त्यामुळे प्रतीक्षेतील मृत्यू घटले. मात्र नवा दोषही निदर्शनास आला. स्त्रियांच्या शरीरात स्नायूंचे प्रमाण कमी असल्याने त्यांचे क्रिएटिनिन कमी भरते, परिणामी त्यांचा आजार सौम्य ठरत असे. 2023 मध्ये सूत्रात दुरुस्ती करावी लागली. तात्पर्य, आकडा वस्तुनिष्ठ दिसला तरी तो न्याय्य असेलच असे नाही.

विदर्भाचा संदर्भ : आपल्याकडील 2014 च्या नियमांनी राज्य, प्रादेशिक व राष्ट्रीय यादी असा वाटपाचा क्रम ठरविला आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रांमार्फत हे काम चालते. नागपुरात 2018 मध्ये यकृत प्रत्यारोपण सुरू झाले. तत्पूर्वी येथे दान झालेले यकृत बाहेरगावी पाठवावे लागे आणि येथील रुग्णासही तेथेच नोंदणी करावी लागे. समजा, गांधीबागेच्या कापडबाजारात हमाली करणारा एखादा रुग्ण आहे. बोलावणे येताच काही तासांत मुंबई गाठणे त्याला शक्य झाले असते काय ? यकृत शरीराबाहेर साधारणतः बारा तासांपर्यंतच टिकते. नियम सर्वांना समान असला, तरी यादीपर्यंत पोहोचण्याची ऐपत समान नव्हती. 2023 मध्ये केंद्र शासनाने नोंदणीसाठी अधिवासाची अट काढण्याचे धोरण जाहीर केले, ते स्वागतार्ह आहे. परंतु त्याने प्रवासाचा, मुक्कामाचा व शस्त्रक्रियेचा खर्च कमी होत नाही.

मूल्यमापनातील उणीव : प्रत्यारोपणाचे यश सामान्यतः शस्त्रक्रियेनंतर किती रुग्ण जगले यावरून मोजले जाते. या मोजणीत यादीत असताना दगावलेला रुग्ण येत नाही. यादीत नावच न आलेला रुग्ण तर मुळीच येत नाही. शिवाय केवळ या मोजमापावर भर दिल्यास अत्यवस्थ रुग्णास टाळण्याचा मोह रुग्णालयास होऊ शकतो. उलटपक्षी, केवळ आजाराच्या तीव्रतेस प्राधान्य दिल्यास शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू वाढण्याचा संभव असतो. दोहोंचा तोल साधणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष : वाटपनियमांचे मूल्यमापन शस्त्रक्रियेच्या दिवसापासून न करता नोंदणीच्या दिवसापासून करावे, तसेच प्रतीक्षेतील मृत्यूंची विभाग, लिंग व आर्थिक स्तरानुसार आकडेवारी नियमितपणे प्रसिद्ध व्हावी. दात्याचे कुटुंब दुःखाच्या प्रसंगी संमती देते, ती समाजावरील विश्वासापोटी. वाटप न्याय्य आहे हे दिसले, तरच तो विश्वास टिकेल.