ज्याचा फोटो नाही, त्याची जर्सी नाही

१ ऑक्टोबर १९३२. शिकागोचं रिग्ली फील्ड, वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना, पाचवी इनिंग, दोन्हीकडे चार-चार धावा. न्यूयॉर्क यांकीजचा बेब रूथ बॅट घेऊन उभा आहे आणि शिकागो कब्जच्या डगआउटमधून त्याला शिव्यांची लाखोली वाहिली जातेय. रूथ हात वर करतो, कुठेतरी बोट दाखवतो आणि थोड्याच वेळात सेंटर फील्डच्या पार होमरन मारतो. चेंडू कुठे मारणार ते त्यानं आधीच दाखवलं होतं, अशी दंतकथा तेव्हापासून चालत आलीय.

खरंच दाखवलं होतं का? समोरचा पिचर चार्ली रूट मरेपर्यंत ‘नाही’ म्हणत राहिला. १९४८ मध्ये रूथवर सिनेमा निघाला, तेव्हा त्यात स्वतःचीच भूमिका करायलाही त्यानं नकार दिला. एका प्रेक्षकानं घरच्या कॅमेऱ्यावर केलेलं चित्रीकरण पुढे उजेडात आलं. त्यात हात वर जाताना दिसतो, पण बोट नेमकं कुणाकडे हे कळत नाही.

पण त्या दिवशी रूथच्या अंगात कोणती जर्सी होती, हे मात्र ‘सिद्ध’ झालंय. ऑगस्ट २०२४ मध्ये ती करडी जर्सी हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलरला गेली. म्हणजे तेव्हाच्या दरानं सुमारे दोनशे कोटी रुपये. हीच जर्सी २००५ मध्ये ९ लाख ४० हजार डॉलरला विकली गेली होती. मधल्या काळात बाजार तापला हे खरंच. पण आणखी एक गोष्ट घडली: फोटो-मॅचिंग.

जुन्या जर्सींवरची अक्षरं हातानं कापून शिवलेली असत. त्यामुळे दोन जर्सी तंतोतंत सारख्या नसत. एखाद्या अक्षराची कड बटणांच्या पट्टीपासून किती दूर आहे, शिलाई कुठे तिरकी गेलीय, हे जुन्या फोटोच्या निगेटिव्हशी ताडून पाहायचं. जुळलं, की जर्सी पक्की. कुणाचा तरी बोटाचा ठसा घेतल्यासारखंच हे काम आहे, आणि ते करणाऱ्यांच्या चिकाटीला दाद द्यायलाच हवी.

याची गरजही होती. या छंदात खोटेपणा भरपूर. १९१९ च्या बदनाम व्हाइट सॉक्स संघातल्या ‘शूलेस’ जो जॅक्सनची म्हणून कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमपर्यंत पोचलेली एक जर्सी शास्त्रीय तपासणीत बनावट ठरली. तिथले तज्ज्ञ फसतात, तर आपली काय कथा!

तर पुरावा हवा, यात वाद नाही. माझा वाद आहे तो या पुराव्यानं किंमत कुणाला मिळते याच्याशी.

मुळात या जर्सी उरल्याच कशा ते बघा. तेव्हाचे मालक भलतेच काटकसरी. खेळाडूला हंगामाला मोजक्याच जर्सी मिळत, त्याही जाड लोकरीच्या फ्लॅनेलच्या. (ऑगस्टच्या उकाड्यात, सेंट लुईसमध्ये, लोकर!) १९७० मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी ताणल्या जाणाऱ्या विणीचं हलकं कापड आणलं आणि मग हळूहळू फ्लॅनेल गेलं. तोवर हंगाम संपला, की जर्सी कपाटात जात नसे, ती खालच्या मायनर लीगच्या संघाकडे जाई. तिथे मोठ्या संघाचं नाव उसवायचं, नंबर बदलायचा आणि कुणातरी पोराला घालायला द्यायची. ती फाटेपर्यंत वापरत. रूथची ती जर्सी वाचली, कारण त्यानं ती फ्लोरिडात गोल्फ खेळणाऱ्या एका दोस्ताला देऊन टाकली होती.

मायनर लीगमधून परत सापडलेल्या अशा जर्सीचं संग्राहक काय करतात? ‘रिस्टोअर’ करतात. त्या पोराच्या संघाचं नाव काढतात, जुन्या टाक्यांच्या भोकांवरून मोठ्या संघाची अक्षरं पुन्हा शिवतात. बाजाराच्या दृष्टीनं हे दुरुस्तीचं काम. मला मात्र हा खाडाखोडीचा प्रकार वाटतो. ज्यानं ती शेवटची घालून घाम गाळला, त्यालाच कापडावरून हाकलून द्यायचं आणि वर तिला ‘मूळ रूपात’ म्हणायचं.

आणि ज्यांच्यावर कॅमेरे रोखलेच गेले नाहीत, त्यांचं काय? २०२४ च्याच मे महिन्यात मेजर लीगनं निग्रो लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदींत घेतले. जॉश गिब्सन .३७२ च्या सरासरीनं टाय कॉबच्या (.३६७) वर गेला. गिब्सन कृष्णवर्णीय, म्हणून मेजर लीगचं दार त्याला कायम बंद. तो जानेवारी १९४७ मध्ये गेला. तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला.

गिब्सनचे आकडे जमवता आले, कारण जुन्या वर्तमानपत्रांत, विशेषतः कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत, सामन्यांचे धावफलक छापले होते. संशोधकांनी वर्षानुवर्षं कात्रणं चाळली. कापडाचं तसं करता येत नाही. निग्रो लीगच्या जर्सी फारच थोड्या उरल्यात, आणि एखादी सापडलीच तर ती ताडून पाहायला फोटो कुठून आणायचा? वर्ल्ड सिरीजला फोटोग्राफरांची रांग असे. एका दिवसात दोन गावांत सामने खेळणाऱ्या संघाच्या बसमागे कोण धावणार? रॉबिन्सनची १९४७ ची डॉजर्स जर्सी २०१७ मध्ये २० लाख ५० हजार डॉलरला गेली. दोनच वर्षं आधी, १९४५ मध्ये, तो कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळत होता. खेळाडू तोच, पण ब्रुकलिनमध्ये सगळ्या देशाची नजर त्याच्यावर होती.

म्हणून लिलावाची चकचकीत कॅटलॉगं बघताना मी आता आकड्याआधी फोटो बघतो. आणि मग कॉलरच्या आत बघतो, जिथे खेळाडूचं नाव धाग्यानं भरलेलं असतं. काही जर्सींत तिथे दोन नावांच्या खुणा असतात. एक वाचता येतं. दुसऱ्याची नुसती भोकं उरलेली असतात, आणि वर्णनात त्यांचा उल्लेख ‘किरकोळ दोष’ म्हणून केलेला असतो.